हेडर बदललं, मेकला पत्ताच नाही
हेडरमधल्या (अनेक सोर्स फाइलींत सामाईक वापरल्या जाणाऱ्या फाइलीतल्या) स्ट्रक्टमध्ये, म्हणजे माहितीच्या रचनेत, नवीन फील्ड घातलं. बिल्ड बिनबोभाट झाला, प्रोग्राम मात्र भलतेच आकडे दाखवू लागला. दोन तास डीबगरमध्ये गेले. शेवटी ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलींच्या) वेळा पाहिल्या: हेडर वापरणाऱ्या ५ फाइलींपैकी २च नव्याने कंपाइल झालेल्या. काय बदललं की काय पुन्हा कंपाइल करायचं, हे मेक हे बिल्डचं साधन मेकफाइलमधल्या यादीवरून ठरवतं. बाकी ३ फाइली या हेडरवर अवलंबून आहेत हे त्यात लिहायचंच राहिलं होतं, म्हणून त्या जुन्याच स्ट्रक्टवर चालत होत्या.

हाताने लिहिलेली यादी कधी ना कधी चुकतेच. म्हणून ते काम जीसीसी या कंपाइलरकडे सोपवलं. सीफ्लॅग्जमध्ये (मेकफाइलमधल्या, कंपाइलरला द्यायच्या पर्यायांत) ‘-एमएमडी -एमपी’ घातलं, की कंपाइल होतानाच प्रत्येक सोर्सची ‘.डी’ फाइल, म्हणजे तो कोणती हेडर वापरतो याची यादी, तयार होते. मेकफाइलच्या शेवटी ‘-इन्क्लूड’ने त्या ओढून घ्यायच्या. ‘-एमपी’मुळे एखादं हेडर काढून टाकलं तरी मेक अडत नाही. सुरुवातीला एकदा मेक क्लीन करून आधी बनलेल्या फाइली पुसाच, कारण जुन्या ऑब्जेक्टना ‘.डी’ फाइल नसते.