लहान मुलाच्या लघवीचं कल्चर: आधी सँपल, मग डोस

दीड वर्षाच्या मुलाला ताप आहे, सर्दी-खोकला नाही, शू करताना रडतंय आणि डॉक्टरांनी युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, लिहून दिलंय. मेडिकल दवाखान्याच्या खालीच, म्हणून अँटिबायोटिक सिरपचा पहिला डोस तिथल्या तिथे दिला जातो. कल्चर वाया जातं ते इथेच. डोस पोटात गेला की लघवीतले जंतू दबतात, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ (काहीच उगवलं नाही) येतो, आणि ताप उतरला नाही तर पुढे कोणतं औषध द्यायचं याचा माग हातात उरत नाही.

लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा मुलाच्या स्वतःच्याच आतड्यातल्या इ. कोलाय या जंतूमुळे होतो. धडधाकट मुलांच्या आतड्यातही अँटिबायोटिकला दाद न देणारे इ. कोलाय गुपचूप राहत असतात. त्यामुळे नेहमीचं सिरप चालेलच, असं धरून चालता येत नाही.

लॅबमधून निर्जंतुक डबी आणा. घरातली उकळलेली वाटी नको, डायपर पिळून तर मुळीच नको. शूची जागा साध्या साबणाने आणि पाण्याने धुवा, मुलींची पुढून मागे. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नका. त्याचा अंश डबीत गेला तर जंतू तिथेच मरतात. मुलग्याची कातडी जोर लावून मागे ओढू नका. थोडं दूध-पाणी पाजा, मग डायपर काढून मांडीवर घेऊन बसा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर गार पाण्यात भिजवलेला गॉज बेंबीखाली ओटीपोटावर गोल फिरवत राहा, काही बाळांची पाचेक मिनिटांत धार सुटते. पहिली धार जाऊ द्या, मधली झेला. 5 मिली पुरते. झाकणाच्या आतून बोट लागू देऊ नका.

चिकटवायची पिशवी सोयीची खरी, पण तिच्यात कातडीवरचे आणि शीचे जंतू हमखास उतरतात. पिशवीतल्या सँपलमध्ये काही उगवलं नाही तर ते मानता येतं. उगवलं तर त्यावर विसंबता येत नाही.

आता वेळ. ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघर-कामोठ्यात कोपऱ्यावर दिसतं ते बऱ्याचदा नुसतं कलेक्शन सेंटर असतं, तपासणी भलतीकडेच होते. टेबलावर राहिलेल्या डबीत चार जंतूंचे हजारो होतात. म्हणून डबी देताना विचारा: पिकअप किती वाजता, आणि तोवर फ्रीजमध्ये ठेवता का? तासाभरात पोचणार नसेल तर घरीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. तिथे 24 तास चालतं. नेताना बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून सोबत ठेवा.

सँपल दिलं की डोस लगेच सुरू करा, रिपोर्टसाठी थांबू नका. तो यायला 2-3 दिवस लागतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा कोणत्याही वयाचं मूल मलूल पडलंय, पाजलेलं सगळं ओकतंय, तर हा सगळा खटाटोप सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा. तिथे नळी घालून सँपल घेतात.

रिपोर्टमध्ये एकाच प्रकारचे जंतू मिलीला 1 लाख किंवा जास्त असतील तर संसर्ग धरतात. ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक प्रकारचे जंतू उगवले, तर बहुधा सँपल बिघडलं. रिपोर्टमधल्या औषधांच्या तक्त्यात ‘एस’ म्हणजे औषध लागू, ‘आर’ म्हणजे निरुपयोगी. ‘ईएसबीएल’ (काही अँटिबायोटिक निकामी करणारं, जंतू बनवतात ते एन्झाइम) लिहिलं असेल तर सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिकचा भरवसा नाही. यादीतलं ‘एस’ बघून स्वतः औषध निवडू नका: नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं काम करतं, ताप असलेल्या, मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला ते पुरत नाही. 48 तासांत ताप उतरला नाही तर रिपोर्ट घेऊन पुन्हा दाखवा.

मूल बरं झाल्यावरही असे दाद न देणारे जंतू आतड्यात कित्येक महिने टिकतात. ते ‘साफ’ करायला अँटिबायोटिक देत नाहीत, आणि त्रास नसताना पुन्हा कल्चरही करत नाहीत. प्लेस्कूल बंद करायचं कारण नाही. डायपर बदलल्यावर मात्र साबणाने 20 सेकंद हात धुवा. शी लागलेल्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या तापाला, डॉक्टर चिठ्ठी लिहायच्या आत, तो दाखवा.