समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घेताना

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी बहुधा कोणत्या महाविद्यालयाचे नाव मोठे, या चौकशीपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात नोकरीच्या पाटीपासून करावी, म्हणजे दहा वर्षांनी आपल्या नावापुढे काय लिहिलेले असावे हे आधी ठरवावे, कारण समुपदेशनाच्या क्षेत्रात पदवी आणि काम यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. रुग्णालयात मनोविकारांची चाचणी आणि उपचार करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर परिषदेकडे नोंदणी या दोन्ही गोष्टी लागतात. समुपदेशन मानसशास्त्रातील एम.ए. केल्याने ती नोंदणी मिळत नाही. शाळा, महाविद्यालय, स्वयंसेवी संस्था किंवा खासगी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करायचे असेल, तर मात्र हीच एम.ए. पदवी योग्य ठरते. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होण्याची इच्छा असणाऱ्यांनी मानसशास्त्राऐवजी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा विचार करावा, कारण आपल्याकडे त्या पदासाठी तीच पदवी मागितली जाते. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था आणि मुंबईचे निर्मला निकेतन या त्या वाटेवरच्या जुन्या संस्था आहेत, आणि पदवीला मानसशास्त्र नसलेल्यांनाही ही वाट खुली असते.

दुसरी खबरदारी अभ्यासक्रमाच्या स्वरूपाविषयी. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करण्याचा सल्ला अजूनही अनेक काका-मावश्या आपुलकीने देतात, परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 साली झालेल्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत हा विषय येत असल्यामुळे हा निर्णय झाला. तेव्हा कोणी तीन महिन्यांत ‘प्रमाणित समुपदेशक’ करून देण्याची जाहिरात करत असेल, तर ते प्रमाणपत्र पदवीची जागा घेणार नाही हे लक्षात ठेवून मगच पैसे भरावेत.

प्रवेशाच्या वाटा संस्थेगणिक बदलतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.मध्ये क्लिनिकल व समुपदेशन ही शाखा आहे. गेल्या काही वर्षांत तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेचे गुण आणि त्यानंतर संस्थेची स्वतःची निवडफेरी यांवरून होतो. मुंबई विद्यापीठाचा कलिना येथील उपयोजित मानसशास्त्र विभाग, पुण्याच्या विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि संलग्न महाविद्यालये यांची वेळापत्रके वेगळी असतात. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते, म्हणजे पदवीचा निकाल हाती येण्याच्या कितीतरी आधी. पंचाहत्तर प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा असा हिशेब असल्याने अंदाजपंचे उत्तरे देण्याची सवय इथे महागात पडते. मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, त्यामुळे मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्यांनी संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त निदान शेवटचे सहा महिने इंग्रजी पुस्तकांतून वाचावेत. विषय येतो पण संज्ञा ओळखता येत नाही, म्हणून गुण जाणे हे फार जिवाला लागते.

परीक्षेपेक्षा अधिक मेहनत अनुभवावर घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन. इथे अनुभव म्हणजे सल्ला देण्याचा नव्हे, ऐकण्याचा. पदवीच्या विद्यार्थ्याने कोणाचे समुपदेशन करणे योग्यही नाही. पण आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन चालवणाऱ्या काही संस्था स्वयंसेवकांना रीतसर प्रशिक्षण देऊन मगच फोनवर बसवतात, आणि व्यसनमुक्ती केंद्रे, विशेष मुलांच्या शाळा, वस्तीतील अभ्यासिका, वृद्धाश्रम अशा ठिकाणीही नियमित मदतनीस हवे असतात. चार ठिकाणची आठवड्याभराची प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एकाच ठिकाणी वर्षभर दर शनिवारी जाणे कितीतरी पटींनी मोलाचे. शिफारसपत्रही अशा कामातूनच वजनदार होते, कारण तिथल्या समन्वयक ताईंना तुम्ही पावसाळ्यातही येत होता की नाही हे माहीत असते. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून ज्यांच्याशी कधी बोललाच नाहीत, त्या सरांकडून पत्र घेतले तर त्यात ‘विद्यार्थी होतकरू आहे’ यापलीकडे काही येत नाही.

उद्देशपत्र, म्हणजे आपण सर्रास ज्याला एसओपी म्हणतो ते, लिहिताना बहुतेकांची पहिली ओळ ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडते’ अशी असते, आणि निवड समितीने ती त्या दिवशी बहुधा अनेकदा वाचलेली असते. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘अभ्यासिकेतला आठवीचा मुलगा गणिताची वही उघडायचा नाही. सुरुवातीला मी त्याला समजावत राहिले. समजावणे थांबवून नुसती शेजारी बसू लागले, तेव्हा घरी वही फाडली जाते हे त्याने सांगितले.’ या तीन वाक्यांत प्रसंग आहे, लिहिणारीची चाचपडणही आहे, आणि मुलाचे नावगाव नाही. गोपनीयता पाळता येते हे वेगळे सांगावे लागत नाही. स्वतःच्या दुःखाविषयी लिहावे का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. लिहायला हरकत नाही, परंतु ज्याच्याविषयी लिहिताना अजून हात थरथरतो तो प्रसंग अर्जात आणू नये. जे पचले आहे आणि ज्यातून कामाविषयी काही कळले आहे, तेवढेच आणावे.

मुलाखतीत अनेकदा एखादा पेच समोर ठेवला जातो. समजा, सतरा वर्षांची मुलगी स्वतःला इजा करत असल्याचे सांगते आणि ‘आईला सांगू नका’ अशी विनवणी करते, तर तुम्ही काय कराल? ‘मी कोणालाही सांगणार नाही’ आणि ‘लगेच आईला फोन करीन’ ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. गोपनीयतेला मर्यादा असते व जिवाला धोका असल्यास ती ओलांडावी लागते, ही गोष्ट मुलीला आधीच सांगायला हवी. धोका किती आहे हे तिच्याशी बोलून जाणून घ्यायला हवे. वरिष्ठांचा सल्ला घ्यावा आणि आईला सांगायचे ठरल्यास ते शक्यतो मुलीला सोबत घेऊन सांगावे, अशा क्रमाने विचार मांडला तर उत्तर थोडे अडखळत आले तरी चालते.

दोन ठिकाणी नाव लागले, तर शुल्काचा तक्ता पाहण्याआधी विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे. प्रत्यक्ष अशील, म्हणजे समुपदेशनासाठी येणाऱ्या व्यक्ती, कोणत्या सत्रापासून भेटतात, प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किती वेळ अनुभवी समुपदेशकाचे पर्यवेक्षण मिळते, समुपदेशनाची शाखा दुसऱ्या वर्षी नक्की उघडते की पुरेसे विद्यार्थी नसल्यास बंद होते, हे तीन प्रश्न त्यांना विचारावेत. शाखेविषयीचे उत्तर मात्र विभागाच्या कार्यालयातून लेखी घेतलेले बरे.