संक्रांत एका दिवसात उरकू नका, आठवडाभर घरात करा

दरवर्षी बघते, 13 जानेवारीच्या रात्री लोकांची पळापळ सुरू होते, तीळ संपलेत, चिक्कीचा गूळ मिळत नाहीये, गुळाच्या पोळ्यांची ऑर्डर द्यायची राहिली. आणि मग सण म्हणजे पाकिटातले चार लाडू आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड. मला मनापासून वाटतं की संक्रांत हा आपल्याकडचा खरा थंडीचा सण आहे, दिवाळीत थंडी नुसती चाहूल देऊन जाते पण जानेवारीत ती घरात येऊन बसलेली असते, आणि संक्रांतीचा प्रत्येक पदार्थ त्या थंडीवर बेतलेला आहे. त्यामुळे हे सगळं सात-आठ दिवसांवर पसरवायचं, रोज संध्याकाळी थोडं थोडं, सगळ्यांनी मिळून. ते कसं जमवायचं ते सविस्तर सांगते.

आधी तारीख बघा. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून जवळजवळ ठरलेली असते पण कधीकधी एक दिवस पुढे जाते, 2024 ला 15 जानेवारी होती, 2025 आणि 2026 ला 14. आदल्या दिवशी भोगी. तिथून उलटं मोजत यायचं.

पहिलं काम खरेदीचं, आणि ते निदान दहा दिवस आधी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी. गूळ दोन प्रकारचा लागतो आणि इथेच बऱ्याच नव्या लोकांची गल्लत होते. चिक्कीचा गूळ फक्त कडक लाडू आणि चिक्कीसाठी, पोळीत तो अजिबात घालायचा नाही, पोळी दगडासारखी होते. पोळीला साधा मऊ पिवळा गूळ, कोल्हापुरी मिळाला तर उत्तमच. घेताना एक खडा तोंडात टाकून बघायचा, खारट लागला तर सोडून द्यायचा, आणि फार पांढरट चकचकीत गुळाच्या मोहात पडायचं नाही, थोडा काळपट असला तरी चव त्यालाच असते. तीळ बिनपॉलिशचे गावरान घ्या, दिसायला मळकट असतात पण भाजल्यावर जो वास सुटतो तो पॉलिशवाल्यांना येत नाही. बाजरीचं पीठ मात्र लवकर आणून ठेवायचं नाही, बाजरीत तेल असतं त्यामुळे पीठ काही दिवसात कडवट होतं, भोगीच्या दोन-तीन दिवस आधी ताजं दळून आणायचं.

त्याच सुट्टीच्या दिवशी सगळ्या गोधड्या, रजया, शाली गच्चीवर नाहीतर बाल्कनीत टाकायच्या. दुपारी बारा ते चारचं ऊन पुरतं. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत आत घ्यायच्या नाहीतर दव बसून परत गार होतात. रात्री त्या उबदार गोधडीत शिरायला मिळतं ना, तिथूनच माझ्या मते सण सुरू होतो.

आता हलवा. हा मी सगळ्यात आधी घेते कारण त्याला तीन-चार दिवस लागतात आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवता येतं. काटेरी हलवा घरी होत नाही असा समज आहे, तो होतो, फक्त घाई चालत नाही. पाव वाटी तीळ नाहीतर खसखस घ्यायची, साबुदाणा, मगज, वेलदोड्याचे दाणे यांचाही करतात पण पहिल्यांदा करणाऱ्यांनी तिळापासूनच सुरू करावं. एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी उकळायला ठेवायचं, उकळी आली की चमचाभर दूध घालायचं म्हणजे मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारी होण्याच्या जरा आधीच उतरवायचा. पसरट जाड कढई किंवा परात अगदी मंद गॅसवर, शक्यतो खाली तवा ठेवून, कारण हाताला सोसेल एवढीच ती गरम हवी. त्यात तीळ टाकायचे, वरून पाकाचा अर्धा छोटा चमचा, आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पूर्ण कोरडं झालं की पुढचा अर्धा चमचा. बस्स एवढंच, पण हे तासभर, मग उद्या परत, परवा परत.

काटा कुठून येतो हे कळलं की हलवा जमतो. पाक पातळ आणि थोडा असला की तो दाण्यावर ठिपक्याठिपक्याने बसून सुकतो आणि त्या ठिपक्यावर पुढचा थर चढत जातो, तोच काटा. जास्त पाक ओतला तर दाणा सगळा भिजतो आणि गुळगुळीत गोळी होते. तळाशी जी साखरेची भुकटी सुटते ती मधूनमधून चाळून काढायची नाहीतर ती काट्यांच्या मधे जाऊन बसते. पंखा बंद. हवा गार आणि कोरडी हवी म्हणून पुणे, नाशिक, विदर्भ, मराठवाड्यात हलवा छान फुलतो आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत जरा रुसतो, तिकडच्यांनी पहाटे किंवा रात्री उशिरा करावा. पाक घट्ट व्हायला लागला तर दोन चमचे गरम पाणी घालून परत कोमट करायचा. रात्री हलवा पातळ सुती कापडाखाली झाकून ठेवायचा, डबाबंद नाही.

हे काम एकट्याने करायचं नाही. अर्धा-अर्धा तास आळीपाळीने कढईपाशी बसायचं, बाकीच्यांनी तिथेच स्वयंपाकघरात खाली सतरंजी टाकून तीळ निवडायचे, दाणे सोलायचे, गवती चहा-आल्याचा चहा फिरवायचा. टीव्ही दुसऱ्या खोलीत राहू दे. ज्या गोष्टी एरवी वर्षभर बोलल्या जात नाहीत त्या अशा वेळी निघतात, हात कामात असले की माणसं मोकळी बोलतात. घरात बाळाचं बोरन्हाण असेल तर मोठा हलवा दागिन्यांसाठी वेगळा ठेवायचा, बाजारात तयार दागिने मिळतात पण मामीने नाहीतर आत्याने ओवलेल्या हाराची मजा वेगळी.

लाडू तीन-चार दिवस आधी. अर्धा किलो तीळ, तेवढाच चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं जाडसर कूट, थोडं डाळं, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, वेलची. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचे, तिळात जवळजवळ निम्मं तेल असतं त्यामुळे एकदा रंग बदलायला लागला की क्षणात करपतात आणि कडू होतात, म्हणून गॅस बंद केला की लगेच ताटात ओतायचे. गुळाचा पाक चमचाभर तुपात करायचा, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायचा, त्याची कडक गोळी झाली आणि ती वाटीवर आपटून टणटण वाजली की पाक झाला. मग सगळं ओतून, हाताला पाणी लावून, गरम असतानाच भराभर वळायचे. इथे निदान चार हात हवेत कारण मिश्रण गार झालं की संपलं, झालंच तर परत किंचित गरम करून घ्यायचं. आजी-आजोबांना कडक चावत नाही, त्यांच्यासाठी साध्या गुळाची मऊ वडी करा, गोळी मऊ असतानाच पाक उतरवायचा, बाकी कृती तीच, फक्त तूप लावलेल्या ताटात थापायचं.

भोगीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. संक्रांतीच्या गोडाधोडात भोगी झाकली जाते आणि शहरात तर ती जवळजवळ सुटलीच आहे, पण मला विचाराल तर अख्ख्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं जेवण भोगीचंच. न खाई भोगी तो सदा रोगी असं म्हणतातच. या दिवसात बाजारात जे जे कोवळं येतं ते सगळं एका भाजीत, सोलाणे म्हणजे हरभऱ्याचे हिरवे दाणे, पावटे, मटार, घेवडा, गाजर, छोटी वांगी, भिजवलेले शेंगदाणे, तीन-चार बोरं, काही घरात उसाचे करवेही घालतात. सोलापूर-साताऱ्याकडे याला खेंगट म्हणतात. जरा सढळ तेलात मोहरी, हिंग, हळद, चमचाभर तीळ अशी फोडणी करायची, आधी शेंगदाणे, पावटे, सोलाणे टाकायचे कारण त्यांना वेळ लागतो, झाकणावर पाणी ठेवून वाफ द्यायची, मग गाजर, घेवडा, वांगी. अर्धवट शिजलं की गोडा मसाला किंवा काळं तिखट, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ, आणि भरपूर तिळाचं-दाण्याचं कूट. गरम पाणी बेताचंच, रस्सा अंगाबरोबर हवा, पळीवाढा नको. बोरं अगदी शेवटी.

सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. पीठ गरम पाण्यात, एका भाकरीपुरतंच एका वेळी, तळहाताने चांगलं रगडून मळायचं, बाजरीला चिकटपणा कमी म्हणून मळण्यात कसूर केली की कडा फाटतात. थापत आली की वरून तीळ भुरभुरून हलकेच दाबायचे, पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की लगेच उलटायची आणि शेवटी थेट आचेवर फुगवायची. वर लोण्याचा गोळा. मुगाच्या डाळीची खिचडी बाजूला. भाजी सकाळी करून ठेवली तर रात्री आणखी मुरते, म्हणून मी मुद्दाम जास्तच करते.

गुळाची पोळी भोगीच्या रात्री करा, संक्रांतीच्या सकाळी नाही. ती गारच छान लागते आणि आठ दिवस टिकते, त्यामुळे ऐनवेळी करण्यात काही अर्थ नाही. सारण तर दोन दिवस आधीही होतं: अर्धा किलो गूळ बारीक किसून, पाऊण वाटी बेसन अर्ध्या वाटी तेलात खमंग भाजून, वाटीभर भाजलेल्या तिळाचं बारीक कूट, दोन चमचे भाजलेली खसखस पूड, वेलची, जायफळ. बेसन गार झाल्यावर सगळं एकत्र करून मऊ होईपर्यंत मळायचं, एकही गुठळी राहता कामा नये, कारण गुठळी लाटताना पोळी फाडते आणि मग गूळ तव्यावर जातो. बेसन कमी केलं तरी तेच, गूळ पातळ होऊन वाहतो.

कणकेत थोडा मैदा, दोन चमचे बेसन, मीठ, कडकडीत तेलाचं मोहन, आणि घट्ट भिजवायची, पुरणपोळीसारखी सैल नको. कणकेचा घट्टपणा आणि सारणाचा घट्टपणा सारखा असला की गूळ कडेपर्यंत पोचतो, सगळं कसब यातच आहे. तासभर मुरू द्यायची. मग दोन छोट्या लाट्यांच्या पुऱ्या, मधे तेवढीच मोठी गुळाची चपटी गोळी, कडा दाबून बंद, आणि तांदळाच्या पिठीवर कडेकडेने हलक्या हाताने लाटत जायचं. गूळ नाही पोचला ती कड कातण्याने कापून टाकायची. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग भाजायची, आणि प्रत्येक पोळीनंतर तवा फडक्याने पुसायचा, जळलेला गूळ पुढच्या पोळीला कडू करतो. भाजली की कागदावर सुटी पसरायची, एकावर एक टाकली की वाफ धरून मऊ पडते. पूर्ण गार झाल्यावरच डबा. खाताना वर घट्ट तूप, पातळ नाही.

संक्रांतीच्या दिवशी मग काम फार उरत नाही. सुगडात ऊस, बोरं, हरभरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ भरून पूजा, काळी साडी किंवा काळा कुर्ता (काळा रंग ऊन शोषतो, थंडीत तोच बरा), आणि तिळगूळ वाटणं. शेजारच्या दारावर स्वतः जा, मुलांना सोबत न्या.

परदेशात असाल तर शनिवार-रविवारी करा, तिकडची मराठी मंडळंही बहुधा वीकेंडच बघतात. हीटरमुळे घरातली हवा कोरडी असते, हलव्यासाठी ते चांगलंच आहे. चिक्कीचा गूळ नाही मिळाला तर साध्याच गुळाचा पाक कडक गोळीपर्यंत न्या. सोलाण्यांऐवजी फ्रोजन मिळणारे हिरवे हरभरे चालतात, पावटेही फ्रोजन मिळतात. बाजरीचं पाकीट उघडल्यावर वास घेऊन बघा, आणि उरलं तर फ्रीजरमध्ये ठेवा.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, पण ती तिथीने येते म्हणून दरवर्षी अंतर वेगळं, 2025 ला ती 4 फेब्रुवारीला होती आणि 2026 ला 25 जानेवारीलाच, म्हणजे अकराच दिवस. तेव्हा कॅलेंडर बघून बायकांना आधीच सांगून ठेवा. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे कोणालाच नको असतात, त्यापेक्षा पावशेर चांगला गूळ, घरच्या तिळाच्या चटणीची छोटी बाटली, नाहीतर दोन गुळाच्या पोळ्या कागदात गुंडाळून द्या. उरलेला हलवा कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा आणि बरणीत ओला चमचा घालू नका.