मनीचं केस उपटणं असं थांबलं

आमची मनी १३ वर्षांची. पावसाळा सरता सरता तिनं पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस चाटून, दातांनी ओढून पार टक्कल केलं. कातडी मात्र स्वच्छ, ना पुरळ ना खरूज. शेजारच्या काकूंनी खोबरेल सुचवलं. मांजर ते चाटणारच, म्हणून राहू दिलं.

सांगलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आधी बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी फिरवली. निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले, तर लालसर डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त! कृष्णाकाठची दमट हवा पिसवांना मानवतेच. मग मागचे पाय हळूच वाकवले, तशी मनी गुरगुरली. सांधे धरले होते. म्हातारं मांजर दुखतं तिथंच चाटत बसतं म्हणे. लघवीही तपासली, कारण मूत्राशय सुजलं तरी पोट चाटतात. ती ठीक निघाली.

आता मानेवर दर महिन्याला मांजरांसाठीचंच पिसवांचं औषध. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजरांना विषारी. आणि माणसांची पॅरासिटामॉल तर जीवच घेते. सांध्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध, शीसाठी बुटक्या काठाचा ट्रे, अंथरूण गरम पाण्यात धुणं.

पोटावर लव आलीय. डाव्या मांडीवरचा चट्टा अजून तसाच आहे.