फ्लॉजिस्टॉनचा सिद्धांत वर्गात कसा शिकवावा

ज्वलनाचा पाठ शिकवताना फ्लॉजिस्टॉनचा उल्लेख बहुधा जुन्या काळचा गैरसमज म्हणून एका वाक्यात उरकला जातो. तसे करू नये. जर्मन वैद्य व रसायनज्ञ श्टाल यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी मांडलेल्या या सिद्धांतानुसार प्रत्येक ज्वलनशील पदार्थात फ्लॉजिस्टॉन नावाचे द्रव्य असते आणि जळताना ते बाहेर पडते. विद्यार्थ्यांना हे आधी मनापासून पटले, तरच ते पुढे का टिकले नाही याचे मर्म कळते.

म्हणून पहिल्या तासाला ऑक्सिजन बाजूला ठेवावा. जळती मेणबत्ती काचेच्या बरणीखाली झाकावी आणि ती विझल्यावर, बरणीतील हवेत आणखी फ्लॉजिस्टॉन मावत नाही, हे त्या काळचे उत्तर द्यावे. कोळसा जळून थोडीशीच राख उरते, कारण त्यात फ्लॉजिस्टॉन भरपूर असते. धातूचे भस्म कोळशासह तापवले की ते कोळशातील फ्लॉजिस्टॉन घेऊन पुन्हा धातू बनते. एका कल्पनेने इतके उलगडते, हेच तिचे खरे सामर्थ्य होते.

दुसऱ्या तासाला डिजिटल काटा आणावा. अगदी बारीक प्रतीचे स्टील वूल सुमारे 4 ग्रॅम घ्यावे (भांडी घासण्याची जाड तार नीट जळत नाही), ते मोकळे करून स्टीलच्या ताटलीत ठेवावे आणि ताटलीसकट वजन नोंदवावे. वजन घटेल की वाढेल, हे प्रत्येकाकडून आधी लिहून घ्यावे. मग शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून, ते पेटवावे. ताटली पूर्ण थंड झाल्यावरच पुन्हा वजन करावे, कारण तापलेल्या ताटलीभोवतीची हवा वर चढते आणि काटा चुकीचा आकडा दाखवतो. वजन वाढलेले दिसेल. सगळे लोखंड जळाले तर वाढ दीड ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते.

येथे घाई करू नये. एखादा विद्यार्थी फ्लॉजिस्टॉनचे वजन ऋण असेल असे म्हणाला, तर त्याचे कौतुक करावे. त्या काळच्या काही विद्वानांनीही हाच मार्ग काढला होता. त्यानंतर फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिए यांचा 1774 मधील प्रयोग सांगावा, मात्र बंद भांडे तापवणे धोक्याचे असल्याने तो करून दाखवू नये. त्यांनी बंद काचपात्रात कथील तापवले, तेव्हा एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. ती वाढ कथलाच्या वाढलेल्या वजनाएवढीच भरली, म्हणजे कथलाने काही बाहेर टाकले नव्हते, तर पात्रातील हवेचा काही भाग घेतला होता.