चुका करणारी पॉलिमरेजं आणि स्थिर जीनोम : एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय घेताना

डीएनए रेप्लिकेशनचं उत्तर बहुतेक विद्यार्थी ई. कोलाय या जिवाणूच्या पॉलिमरेज थ्रीपाशी संपवतात (पॉलिमरेज म्हणजे डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम). फार तर माणसातली डेल्टा आणि एप्सिलॉन लिहितात. पेपरात मार्कही मिळतात. पण ही मुख्य पॉलिमरेजं नेमकी जिथे अडकतात, तिथूनच हा विषय सुरू होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारच्या दोन थायमिनांची गाठ बसली, की डायमर तयार होतो. तो मुख्य पॉलिमरेजच्या घट्ट खोबणीत मावत नाही. रेप्लिकेशनचा काटा, म्हणजे धागे उलगडून नक्कल चालू असते ती जागा, तिथेच थांबतो आणि फार वेळ थांबला तर धागा तुटायची वेळ येते. अशा वेळी ढिली खोबण असलेलं वाय कुळातलं पॉलिमरेज येतं, गाठीसमोर काहीतरी लिहितं आणि बाजूला होतं. त्याला स्वतःची चूक खोडता येत नाही, कारण त्याच्याकडे प्रूफरीडिंगचा एक्झोन्युक्लिएज नसतो. मुख्य यंत्रणेची चूक दुरुस्तीनंतर अब्जावधी अक्षरांत एखादी उरते. माणसाचं वाय कुळातलं पॉलिमरेज ईटा मात्र धडधाकट डीएनएवर काही डझन ते काही शे अक्षरांमागे एक चुकतं.

मग अशा एन्झाइममुळे जीनोम स्थिर कसा राहतो, हा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो. उत्तरासाठी दोन उदाहरणं शेजारी ठेवा. माणसात ईटा नसेल तर झेरोडर्मा पिगमेंटोसमचा (ऊन न सोसण्याचा आनुवंशिक आजार) व्हेरियंट प्रकार होतो. एक्सिजन रिपेअर (बिघडलेला तुकडा कापून काढणारी दुरुस्ती) शाबूत असतं, तरी उन्हानंतर म्युटेशनं वाढतात आणि त्वचेचा कॅन्सर होतो. कारण ईटा थायमिनच्या जोडीसमोर बहुतेक वेळा दोन ॲडेनिन, म्हणजे बरोबर अक्षरंच लिहितं. ते नसलं की ते काम या जखमेसाठी न घडलेली पॉलिमरेजं करतात आणि चुकतात. ई. कोलायमध्ये उलट. तिथे यूएमयूसी जनुक काढलं की पॉलिमरेज फाइव्ह जातं आणि अतिनील किरणांनी होणारी म्युटेशनं जवळजवळ थांबतात, पण पेशी थोड्या जास्त मरतात. म्हणजे म्युटेशन किरण लिहीत नाहीत, पॉलिमरेज लिहितं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं वाचन सोपं जातं.

वाचनाचा क्रम आम्ही असा सांगू : आधी काट्यावर पॉलिमरेजला डीएनएशी धरून ठेवणारी पीसीएनए कडी, मग तिच्या १६४व्या लायसिनवर रॅड१८ हे एन्झाइम युबिक्विटिन हे छोटं खूण-प्रोटीन कसं लावतं, आणि शेवटी पॉलिमरेजची अदलाबदल. ई. कोलायसाठी रेकए, लेक्सए आणि एसओएस, म्हणजे डीएनए बिघडल्यावर दुरुस्तीची जनुकं चालू करणारी यंत्रणा (लेक्सए ती दाबून ठेवतं, रेकए ती मोकळी करतं). त्यात पॉलिमरेज फाइव्ह सर्वांत शेवटी, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने कामाला लागतं. घाई नसते, कारण आधी बिनचूक दुरुस्तीला संधी दिली जाते. ईटा, पॉलिमरेज फोर आणि फाइव्ह ही तिन्ही पॉलिमरेजं आहेत हे १९९९ साली सिद्ध झालं, त्यामुळे त्याआधीची पुस्तकं या भागासाठी वापरू नका. सीएसआयआर-नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेस पेपरात हे तिसऱ्या युनिटमध्ये येतं.

आता प्रयोग. नाशिकच्या साध्या कॉलेज लॅबमध्ये जमेल असा एकच सांगतो : अतिनील मारा आणि रिफॅम्पिसिन प्लेट. रिफॅम्पिसिन हे अँटिबायोटिक, त्यावर म्युटेशन झालेल्या पेशीच वाढतात, म्हणून कॉलन्या मोजल्या की म्युटेशन मोजलं जातं. पहिली अडचण स्ट्रेनची. फ्रीजमध्ये डीएच५ अल्फा असतो आणि मुलं तोच काढतात. त्यात रेकए निकामी आहे, त्यामुळे एसओएस चालूच होत नाही आणि पेशी थोड्या डोसलाच मरतात. केइओ कलेक्शनमधला (ई. कोलायचं एकेक जनुक काढलेल्या स्ट्रेनचा संच) यूएमयूसी-डिलीट स्ट्रेन मागवलात तर कंट्रोल म्हणून त्याचाच मूळ स्ट्रेन, बीडब्ल्यू२५११३, घ्या. एमजी१६५५ हा दुसरा नेहमीचा स्ट्रेन घेतलात तर परीक्षक विचारणारच.

एलबी मीडियातलं कल्चर ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ला आलं की २५ मिली घेऊन ४००० आरपीएमला १० मिनिटं खाली बसवा आणि तेवढ्याच ०.९ टक्के सलाइनमध्ये उचला. एलबीतच मारा केलात तर मीडियाच किरण शोषून घेतो. प्रत्येक डोससाठी ५ मिली सस्पेन्शन ९० मिमीच्या प्लेटमध्ये ओता, थर जेमतेम मिलिमीटरभर होतो. झाकण काढा, कारण काच आणि प्लास्टिक दोन्ही २५४ नॅनोमीटर अडवतात. लॅमिनार कॅबिनेटचा अतिनील दिवा आधी १५-२० मिनिटं पेटता ठेवा, मारा चालू असताना प्लेट हलवत राहा. डोस ०, १०, २० आणि ४० जूल प्रति चौरस मीटर. मीटरवर १ वॉट प्रति चौरस मीटर दिसत असेल तर २० सेकंद म्हणजे २० जूल. मीटर नसेल तर रिपोर्टमध्ये सेकंद आणि अंतरच लिहा, जूल लिहू नका. दिवा जुना झाला की निळा दिसतो तसाच, पण ताकद उतरलेली असते. चेहऱ्यावर शिल्ड आणि हातात ग्लव्हज. मनगट उघडं ठेवाल तर संध्याकाळी भाजलेलं दिसेल.

सगळ्यात जास्त प्रयोग फसतात ते यानंतर, उजेडामुळे. ई. कोलायमध्ये फोटोलायेज हे एन्झाइम आहे. निळा-जांभळा उजेड मिळाला की ते डायमर थेट सोडवतं. उन्हाळ्यात खिडकीजवळच्या टेबलावर डायल्युशनं करत बसलात तर मारा केलेल्या पेशी समोरच दुरुस्त होतात आणि आकडे रोज वेगळे येतात. पडदे ओढा, लाल किंवा पिवळा दिवा लावा, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा. (नाळ असलेल्या सस्तन प्राण्यांत, म्हणजे आपल्यातही, हे एन्झाइम नाही.)

मारा झाला की लगेच डायल्युशन करून साध्या एलबीवर पसरा, हा जगण्याचा आकडा. ३० ते ३०० कॉलन्यांचीच प्लेट मोजा. म्युटेशनसाठी प्रत्येक डोसचं सस्पेन्शन पाच-सहा नळ्यांत वाटा, ०.५ मिलीला ४.५ मिली एलबी, आणि अंधारात ३७ अंशांवर रात्रभर हलवत ठेवा. आरपीओबीतला (रिफॅम्पिसिन ज्या प्रोटीनला चिकटतं त्याचं जनुक) बदल झाल्यावर नवा प्रोटीन तयार व्हायला आणि जुना मागे पडायला वेळ लागतो, म्हणून थेट रिफॅम्पिसिनवर टाकायचं नाही. नंतर ०.१ मिली १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या प्लेटवर, आणि त्याच नळीतून एकूण जिवंत पेशींसाठी एलबीवर. डीएमएसओतला ५० मिलिग्रॅम प्रति मिलीचा स्टॉक असेल तर २०० मिली मीडियाला ०.४ मिली, मीडिया ५० अंशांच्या आसपास आल्यावर. गरम असताना घातलंत तर फुकट. औषधालाही उजेड चालत नाही.

मारा न केलेल्या नळीत रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या पेशी साधारण दहा कोटींत एक असतात. म्हणून ०.१ मिलीवर कधी दोन, कधी दहा कॉलन्या येतील. तिथे १ मिली खाली बसवून पूर्ण पसरा. एखाद्या नळीत अचानक दोनशे आल्या तर म्युटेशन लवकर झालं आणि त्याची पिलावळ वाढली असं समजा. सरासरी नको, मध्यक घ्या.

नाशिकला द्राक्षं आणि वायनरी असल्यामुळे ‘सर, वाइनचं यीस्ट वापरू का?’ हा प्रश्न येतोच. मोह समजतो, पण नको. द्राक्षाच्या सालीवरून वाढलेलं यीस्ट बहुतेकदा सॅकरोमायसिस नसतंच. वाइनचे स्ट्रेन सहसा डिप्लॉइड असतात, आणि कॅनाव्हनिन (यीस्टच्या प्रयोगात रिफॅम्पिसिनच्या जागी वापरायचं विषारी द्रव्य) प्रतिकार रिसेसिव्ह असल्याने एका प्रतीतलं म्युटेशन दिसत नाही. यीस्टवरच करायचं असेल तर हॅप्लॉइड बीवाय४७४१ आणि त्याचे रेव्ह३ व रॅड३० डिलीट स्ट्रेन घ्या. रॅड३० म्हणजे यीस्टचं ईटा, रेव्ह३ म्हणजे पॉलिमरेज झीटाचा मुख्य भाग.

पुढे काम करायचं असेल तर पुण्याच्या आयसर आणि एनसीसीएस या संशोधन संस्थांची, कॅन्सरची बाजू आवडत असेल तर खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राची वेबसाइट बघा. बीआरसीए ही डीएनए दुरुस्तीची जनुकं बिघडलेल्या ट्यूमरना तुटलेला डीएनए जोडायला पॉलिमरेज थीटाचा आधार लागतो आणि त्याला रोखणारी औषधं चाचणीत आहेत. त्यामुळे या विषयाची तयारी तिथेही कामी येते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपलाही अर्ज करा. मेल लिहिताना ‘आय ॲम पॅशनेट’ वगैरे चार ओळी नकोत. दोन स्ट्रेनचे जगण्याचे आणि म्युटेशनचे आलेख एका पानावर जोडा, आणि ज्या डोसला आकडे जुळले नाहीत तोही त्यात राहू द्या, कारण मुलाखत त्याच बिंदूवर होते.