पूरमदतीच्या कामात या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला पाणी किती?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथं नदीची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मदत करणाऱ्या संस्थांची पहिली बैठक मात्र पाणी ४५ च्या वर गेल्यावर भरते. तोवर रस्ते बंद झालेले असतात, होड्या अडकलेल्या असतात आणि बाजारातल्या ताडपत्र्या संपलेल्या असतात. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर झाले आणि चुका त्याच त्या राहिल्या. पाणी ३० फुटांवर असतानाच, म्हणजे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल वस्त्यांतली माणसं सामान हलवायच्या तयारीला लागतात तेव्हाच, गोदामाची किल्ली कुणाकडे, ट्रक कुणाचा, डिझेलचे पैसे कोण देणार हे कागदावर ठरलेलं असलं पाहिजे.

एकाच माणसाकडून घेतलेली यादी

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

२०१९ च्या पुरानंतर पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात बाहेरची संस्था महिन्याभराच्या शिध्याची ४५० किट घेऊन आली. यादी गावातल्या एका कारभाऱ्यानं फोनवर दिलेली, तीही रेशनकार्डांवरून केलेली. वाटपाला सहाशेच्या वर माणसं उभी राहिली. एका कार्डावर तीन भाऊ होते, पण चुली तीन होत्या. भाडेकरूंचं कार्ड दुसऱ्या गावचं, म्हणून ते यादीतच नव्हते. मळ्यातल्या वस्तीवर कुणी मोजायला गेलंच नव्हतं. आणि ज्यांची घरं छपरापर्यंत बुडाली, ती कुटुंबं अजून सोयऱ्यांकडे होती. त्यांच्या नावावरची किट दुसऱ्यांनी उचलली. दोन तासांत ट्रकभोवती रेटारेटी सुरू झाली, वाटप थांबवावं लागलं आणि अर्धा माल तालुक्याला परत गेला. त्या गावात भावकीची भांडणं मागं राहिली, ती वेगळीच.

रेशनकार्ड मोजू नका, चूल मोजा. दोघांची जोडी करा, त्यात एक बाई हवीच आणि एक जण गावाबाहेरचा हवा. संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत फिरा, कारण दिवसभर माणसं चिखल काढण्यात नाहीतर पंचनाम्याच्या मागं असतात. गल्लीचा कच्चा नकाशा काढा आणि दारावर खडूनं क्रमांक टाका. एका जोडीच्या एका संध्याकाळी ४० ते ५० चुली होतात. कुलूप दिसलं तर पुढं जाऊ नका, शेजाऱ्याकडून फोन नंबर घ्या. कच्ची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर २४ तास लावा आणि चावडीत मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांची हरकत तिथंच कळते.

मग क्रमांकाचं कुपन घरपोच द्या, घरातल्या बाईच्या नावानं. गल्लीवार वेळ ठरवा. एका टेबलावर तिघं पुरतात: एक कुपन बघणार, एक सही-अंगठा घेणार, एक किट देणार. त्यांच्या हातून तासाला ६० कुटुंबं होतात. शंभरामागं १० किट राखीव ठेवा. आधारकार्डाची सक्ती करू नका, ज्याचं कपाटच वाहून गेलं त्याच्याकडं ते कुठून येणार?

यात दोन दिवस जातात. नव्या कार्यकर्त्यांना तेवढा धीर नसतो, त्यांना आजच ट्रक मोकळा करायचा असतो. शिजवलेलं अन्न, पाणी आणि औषधं यादीसाठी थांबवू नयेत, हे मान्य. महिन्याभराचं किट मात्र थांबू शकतं आणि थांबलंच पाहिजे.

निवाऱ्यात माणसं कोंबणं

आपत्कालीन मदतीची ‘स्फिअर’ मानकं जगभर वापरतात. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागं एक संडास, २५० माणसांमागं एक नळ. शाळेची २० बाय २५ फुटांची खोली जेमतेम ४६ चौरस मीटर भरते, म्हणजे १३ माणसं. तिथं ४० झोपवली की खोकला आणि खरूज पसरते. ३०० माणसांना रोज ४५०० लिटर पाणी लागतं, म्हणजे ५००० लिटरचा एक टँकर. पण नळ एकच असेल तर टँकर असूनही बायका दीड तास रांगेत उभ्या राहतात. शुद्ध केलेल्या पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन टँकरपाशी तपासून भागत नाही, ते हंड्यात तपासा. ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर दिसलं पाहिजे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

जुने कपडे मागवू नका, ते छाटायला माणसं लागतात आणि शेवटी ढीग रस्त्यावरच भिजतो.

कोरडा शिधा देताना घरात शेगडी आहे का ते विचारा. तांदूळ, डाळ, तेल मिळालं आणि सिलिंडर वाहून गेला असेल, तर ते किट तसंच पडून राहतं.

जनावरांचा विचार नसलेली योजना अर्धीच. म्हैस सोडून माणूस होडीत बसत नाही. मोठ्या जनावराला रोज १५ ते २० किलो हिरवा चारा धरा.

डोंगरात किटचं वजन बघा. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. अशा ठिकाणी २५ किलोचा बोजा पाठीवरून नेता येत नाही, त्याचे दोन हलके बोजे करा.

परदेशी निधी २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडं वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. स्थानिक संस्थेला तोंडी शब्द देण्याआधी आपल्या हिशेबनिसाला विचारा.

‘किती वाटलं’ एवढाच आकडा ठेवू नका. १५ दिवसांनी कुठल्याही २० घरांत जाऊन स्वयंपाकघरातले डबे बघा. काय संपलं, काय तसंच आहे, हे तिथं दिसतं.

देणगीदाराच्या कॅलेंडरवर गाव चालवणं

पुनर्वसनाचा निधी ३१ मार्चला संपतो, म्हणून सगळी प्रशिक्षणं नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवली जातात. तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीनंतर नेमकी तेव्हाच द्राक्षाची विरळणी (घडातले जादा मणी काढणं) आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) असतं. बाईला बागेत हक्काची मजुरी मिळत असताना ती शिवणकामाच्या वर्गात बसणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. तरी अहवालात ‘महिलांचा अल्प प्रतिसाद’ असं लिहिलं जातं. हे वाचून खरंच वाईट वाटतं. प्रस्ताव लिहितानाच भिंतीवर बारा महिने काढा. छाटणी, ऊसतोड, बेंदूर, गावची यात्रा, परीक्षा आणि पाणी चढायचे दिवस त्यावर मांडा. मग आपलं काम कुठं बसतं ते बघा.

पाणी शुद्ध करायचं यंत्रही असंच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईनं बसतं. कोनशिला लागते, फोटो होतो आणि जूनमध्ये वीजबिल थकल्यामुळं वीज तुटते. कारण मीटर कुणाच्या नावावर हे ठरलेलंच नसतं. बसवण्याआधी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या: मीटर पंचायतीच्या नावावर, किल्ली कुणा दोघांकडं, २० लिटरला दर किती, जमलेले पैसे कुठल्या बँक खात्यात. गाळणीच्या कांड्या (फिल्टर) काही महिन्यांनी आणि आतला पडदा (मेम्ब्रेन) दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. त्याची आजची किंमत आणि दुकानदाराचा नंबर यंत्राच्याच दारावर रंगानं लिहून ठेवा. चालवणाऱ्याला आपल्यासमोर दोनदा कांड्या उघडून बसवायला लावा, आणि हे जमल्यावरच हस्तांतराच्या कागदावर सही करा.